आधी सेल, मग बॅटरी

तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी वसतिगृह अधीक्षक आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरायला लागली, तेव्हापासून ‘सर, बॅटरी कुठली घेऊ?’ हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदा सगळं लिहूनच टाकावं म्हटलं. 1 फेब्रुवारी 2019 च्या दुपारी चार रिश्टरच्या वरचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून घराबाहेर धावताना पडून एक दोन वर्षांची मुलगी दगावली. पुढे डहाणू-तलासरीतली कितीतरी कुटुंबं थंडीत अंगणात आणि तंबूत झोपली. आमची मुलंही मैदानात ताडपत्रीखाली. दिवसाच्या धक्क्याला निदान पायाखालचं दिसतं. रात्रीच्या धक्क्याला वीज गेली की झोपेतून उठलेली पोरं कुठे धावतील, कशाला अडखळतील याचा नेम नाही.

तेव्हा आमच्याकडे ज्या बॅटऱ्या होत्या त्या आठवडी बाजारातल्या. मागून सरकवलं की दोन पिना बाहेर येतात आणि सरळ सॉकेटमध्ये खुपसता येतात, तशा. दिसायला दणकट, उजेडही भरपूर. एका रात्री धक्का बसला, दिवे गेले, मी खुंटीवरची बॅटरी काढून बटण दाबलं आणि काजव्याएवढा उजेड पडला. दुसरी घेतली, तर तीही पेटेना. मुलं बाहेर काढली ती मोबाइल तोंडात धरून, कारण दोन्ही हात मुलांना लागत होते. कोणाला लागलं नाही. सकाळी स्क्रू काढून आतलं पाहिलं, तर प्लास्टिकची चौकोनी डबी फुगून कवचाला चिकटलेली.

या बॅटऱ्यांच्या आत बहुतेक वेळा शिसं आणि आम्लाचा छोटा बंद संच असतो, मोटारसायकलला असतो त्याच जातीचा. असा संच उतरलेल्या स्थितीत पडून राहिला की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर कडक होतो. मग रात्रभर प्लगला लावा, चार्जिंगचा दिवा पेटतो, पण संच चार्ज धरत नाही. बरं, कायम प्लगलाच ठेवावी तर भरल्यावर चार्जिंग तोडणारं सर्किट स्वस्त मालात नसतंच. आतलं पाणी उडतं आणि डबी फुगते. म्हणजे रोज वापरणाऱ्याकडे ती टिकेलही. महिनाभर खुंटीला टांगून एका रात्री हवी असणाऱ्याला ती हमखास दगा देणार. आणि भूकंपाची बॅटरी ही नेमकी दुसऱ्या प्रकारची.

म्हणून माझा पहिला नियम असा की बॅटरी बघण्याआधी सेल ठरवावा. तो तुमच्या नाक्यावर मिळतो का, पडून राहिल्यावर किती उतरतो, मेला तर आपल्या हातांनी बदलता येतो का. ल्युमेन, रंग, खोकं हे सगळं नंतर.

साधे डबल ए सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, हा त्यांचा मोठा गुण. जुन्या लोकांकडे एव्हरेडीची पितळी ‘जीवनसाथी’ अजून सापडते. तिचे मोठे सेलही आडगावातल्या दुकानात मिळतात. बल्बच्या जागी त्याच मापाचा एलईडी बसवला तर ती आजही चालते, आणि मी तिला नावं ठेवणार नाही. या सेलचा दोष एकच, पण वाईट: ते गळतात. अल्कलाइन सेल बॅटरीत पावसाळाभर विसरला की स्प्रिंगभोवती पांढरी खरड जमते आणि झाकण फिरेनासं होतं. ती खरड अल्कलीची असते, म्हणून कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसली तर निघते. हात मात्र धुवा. दोन सेल एका वेळी आणि एकाच कंपनीचे बदलावेत. नवा-जुना जोडलात की जुना आधी गळतो. बाजारात झूम होणाऱ्या बॅटऱ्या असतात, त्यांत तीन बारीक सेलचा प्लास्टिकचा पिंजरा असतो. तो खिशात खुळखुळतो, आणि डोकं पुढे-मागे सरकत असल्यामुळे पाण्यालाही वाट मोकळी असते. वलगणीच्या रात्री, म्हणजे पहिल्या मुसळधार पावसात मासे ओहोळातून शेतात चढतात तेव्हा, असली बॅटरी घेऊन जाणाऱ्याने मासे दुसऱ्याच्या उजेडात पकडायची तयारी ठेवावी.

रोज खिशात ठेवायची असेल तर माझं मत 18650 या लिथियम सेलच्या बाजूने आहे. आकड्यांतच माप आहे: 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब. चांगला सेल महिनोन्‌महिने पडून राहिला तरी फारसा उतरत नाही, गळत नाही, आणि शेकडो वेळा चार्ज होतो. पण इथे फसवणूकही तितकीच. वेष्टनावर 9900 छापलेले सेल सर्रास विकले जातात. या मापात 3500 मिलिअँपिअर-अवरच्या आसपास खऱ्या सेलची धाव संपते. त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा दिसला की सेल खाली ठेवावा. दुसरी खूण वजनाची. खरा सेल 45 ते 50 ग्रॅम भरतो. मी तलासरीच्या एका सोनाराच्या काट्यावर ‘9900’ ठेवला तर तो तिशीसुद्धा गाठेना. सोनार हसला, ‘सर, हा तर पोकळ दागिना.’

त्याच सेलवरून उजेडाचा हिशेबही कळतो. 3000 चा सेल म्हणजे साधारण 11 वॅट-तास वीज. चांगला एलईडी एका वॅटमध्ये शंभरेक ल्युमेन देतो. म्हणजे 100 ल्युमेनवर रात्रभर, दहा तासांच्या आसपास; 1000 ल्युमेनवर जेमतेम तास, तोही हिशेबात. प्रत्यक्षात मुठीएवढी बॅटरी इतकी तापते की काही मिनिटांतच ती स्वतःहून उजेड कमी करते. मग खोक्यावर ‘1000 ल्युमेन, 10 तास’ असं एका ओळीत कसं येतं? चाचणीच्या रूढ पद्धतीत उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. शेवटचे कित्येक तास शंभर ल्युमेनचे असले तरी ते त्यात मोजले जातात. किती मीटर उजेड पोचतो हा आकडाही तसाच फुगलेला: जिथे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड उरतो तिथपर्यंत तो मोजतात. चांदण्यात माणूस दिसतो, त्याच्या हातातलं दिसत नाही. अंतर दुप्पट हवं तर झोताची तीव्रता चौपट लागते, हेही ल्युमेनच्या मागे धावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

आणि लांबचा उजेड आपल्याला हवाय कशाला? डहाणूच्या चिकूवाडीत रात्री फिरणाऱ्याला भीती पायाशी असते. पडलेल्या पानांवर घोणस बसली की ती पानांतलीच होऊन जाते. मण्यार तर घरात येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. बारीक लांब झोताची बॅटरी समोरच्या आंब्याचा शेंडा उजळवते आणि पायाजवळ अंधारच ठेवते. इथे पसरट उजेड हवा. त्यातही निळसर पांढरा टाळा. त्यात तपकिरी साप आणि तपकिरी पान एकाच रंगाचे दिसतात. खोक्यावर 4000 ते 5000 केल्विन असेल तर उजेड किंचित पिवळट असतो, आणि सीआरआय 90 च्या वर असेल तर रंग खऱ्यासारखे दिसतात. ल्युमेन थोडे कमी मिळतात, मिळू देत. पावसातही निळसर झोत थेंबांवरून परतून डोळ्यांवर येतो. पिवळट कमी त्रास देतो, असा माझा अनुभव. एवढं करूनही कोणाला चावलंच, तर त्याच बॅटरीच्या उजेडात साप शोधत बसू नका. माणसाला न चालवता तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा कासा, डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. मण्यारीच्या दंशाला सूज किंवा वेदना फारशी नसते, म्हणून सकाळची वाट पाहू नका.

पाण्यासाठी आयपी क्रमांक बघा. आयपीएक्स 4 म्हणजे शिंतोडे सोसेल. आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आमच्याकडच्या जुलैला दुसराच लागतो. झाकण उघडून आटे बघावेत, रबराची गोल रिंग जागेवर आहे का बघावं. तिला व्हॅसलिन लावू नका, काही रबरं त्याने फुगतात. सिलिकॉन ग्रीसचा ठिपका पुरतो. झाई-बोर्डीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आणखी एक काम: खाऱ्या पाण्यात भिजली की झाकण घट्ट बंद ठेवून गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, आणि सेल टेकतो ती तोंडं अधूनमधून पेन्सिलच्या खोडरबराने घासा. न पेटणाऱ्या अर्ध्याअधिक बॅटऱ्या तेवढ्यावर पेटतात.

टाइप-सीचं भोक असलेल्या बॅटऱ्या आता खूप आल्यात. सोय चांगली, वीज नसताना पॉवर बँकेवर चार्ज होतात. फक्त काही बॅटऱ्या दोन्हीकडे सी असलेल्या नव्या वायरने चार्जच होत नाहीत, तेव्हा घेताना आपली वायर लावून बघा. सेल आत कायमचा बंद असेल तर तो ज्या दिवशी मरतो त्या दिवशी बॅटरीही मेली. मी ती घेत नाही.

ठेवण्याची जागाही बॅटरीइतकीच महत्त्वाची. खिडकीच्या कठड्यावर ठेवलेली गोल बॅटरी पहिल्याच हादऱ्यात गडगडत खाटेखाली जाते. षटकोनी डोकं असलेली घ्या किंवा तिला पकडीची चिमटी लावा. आमच्याकडे ती दोरीने खाटेच्या पायाला, उशाकडे बांधतात, शेजारी चपला. खिशात चुकून पेटू नये म्हणून झाकण पाव वेढा सैल करता येतं; पण उशाशी ठेवताना ते परत घट्ट करा, अंधारात ते आठवत नाही. दोन्ही हात लागणार असतील, म्हणजे लहान मूल, म्हातारं माणूस किंवा चिंबोऱ्यांची पिशवी असेल, तर डोक्याला बांधायची बॅटरी सगळ्यांत बरी. ताडपत्रीच्या तंबूत मेणबत्ती किंवा चिमणी मात्र कधीच नको.

राहिलं ते ‘टॅक्टिकल’. खोक्यावर हा शब्द असला की किंमत चढते. त्यातल्या दोन गोष्टी खऱ्या उपयोगाच्या आहेत: जाड ॲल्युमिनियमचं अंग आणि शेपटीकडचं बटण, जे अंधारात अंगठ्याला न शोधता सापडतं. पुढची दातेरी कड खिसा फाडते. लखलखणारा स्ट्रोब महामार्गावर गाडी बंद पडली तर मागच्या ट्रकला दिसतो, तेवढा त्याचा उपयोग. पाड्यात तो नको. 16 एप्रिल 2020 च्या रात्री गडचिंचल्याला चोरांच्या अफवेतून जमावाने तीन माणसं मारली, ती याच डहाणू तालुक्यात. अफवा उठली की गावोगाव पहारे बसतात, आणि अनोळखी झोत समोरून डोळ्यांवर आला तर समोरचा माणूस काय समजेल हे आपल्या हातात नसतं. रात्री कोणाच्या पाड्यात जावं लागलं तर झोत आपल्या पायांवर ठेवा, मग क्षणभर स्वतःच्या तोंडावर घ्या, आणि लांबूनच हाक मारून नाव-गाव सांगा. काही बॅटऱ्यांत एक दाब जास्त पडला की थेट स्ट्रोब लागतो. दुकानात उभ्या उभ्या, डोळे मिटून, बटण पुन्हा पुन्हा दाबून बघा. पहिल्या दाबाला साधा मंद उजेड येत नसेल तर दुकानदाराला दुसरी दाखवायला सांगा.