रोज सकाळी २०१६

भिवापुरात माझं ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि प्रिंटआउटचं दुकान आहे. मागच्या बाजूला मिरचीचा सातरा. हंगामात बाया देठ खुडायला बसल्या, की माझं गिऱ्हाईक आधी शिंकतं आणि मग सातबारा मागतं. मिरचीची ती धूळ कॉम्प्युटरच्या पोटातही जाते, पण या गोष्टीत दोष तिचा नव्हता.

२०२५ च्या सप्टेंबरात विंडोज १० चा अपडेट डाउनलोड होईना. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्ट त्याचा नेहमीचा आधार काढून घेणार होतं, आणि माझं जुनं मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नव्हतं. पुढचं वर्षभर सुरक्षेचे अपडेट हवे, तर आधी २२एच२ ही आवृत्ती लागणार होती. माझं गाडं १९०९ वर अडलेलं. मधली वर्षं 'नंतर आठवण करा' दाबत आलो होतो, ही चूक माझीच.

पहिला संशय नेटवर. मग एक व्हिडिओ पाहून सेवा थांबवल्या, 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन' फोल्डरचं नाव बदललं, मशीन पुन्हा सुरू केलं. हा उपाय वाईट नाही, विंडोज तो फोल्डर नव्याने बनवतं. पण रोग न बघता औषध दिलं, एवढंच. सगळ्यात मोठा मूर्खपणा त्याच्या पुढचा. 'सगळं दुरुस्त करून देतो' म्हणणारा एक फुकटचा प्रोग्राम टाकला. त्याने मिनिटभरात शेकडो बिघाड दाखवले आणि पैसे मागितले. मी भरले. बिघाड शून्यावर आले, अपडेट मात्र जागच्या जागी. गिऱ्हाइकांची आधार कार्डं ज्या मशीनवर उघडतो, त्यावर कुणाचं काय शिरू दिलं या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बँकेचे पासवर्ड बदलले, तेही दुसऱ्या मशीनवरून.

शेवटी ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने कॅबिनेट उघडायच्याही आधी विचारलं, "एरर नंबर काय येते?" मी तो कधी लिहूनच घेतला नव्हता. स्क्रीनवर होता ०एक्स८००७२एफ८एफ. तो म्हणाला, "तारीख पाहा बरं." मी म्हटलं, तारीख तर रोज सकाळी मीच लावतो, १ जानेवारी २०१६ दाखवते म्हणून.

"रोज लावता, तं हे सांगाले इतके दिवस काहून लागले भाऊ?"

मदरबोर्डवर बटणासारखा एक सेल असतो, सीआर२०३२. वीज नसताना घड्याळ तोच चालू ठेवतो. मल्टिमीटर लावला तर ३ व्होल्टच्या जागी २ सुद्धा भरेना. मी रात्री मेन स्विच बंद करून जायचो, आणि सकाळी मशीन २०१६ मध्ये जागं व्हायचं. अपडेटचा सर्व्हर आपली ओळख पटवायला प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर 'कधीपासून कधीपर्यंत' लिहिलेलं असतं. २०१६ मध्ये बसलेल्या मशीनला ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं वाटतं, आणि मशीन बोलणंच तोडतं.

बरं, तारीख लावल्यावर दिवसा तरी अपडेट यायला हवा होता! तिथे दुसरा अडसर. मोबाइलचा डेटा वाचावा म्हणून हॉटस्पॉटला मीच कधीतरी 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवलं होतं. त्यावर विंडोज काही जीबींचा अपडेट आपणहून उतरवत नाही. सकाळी तारीख आडवी, दुपारी मीटर.

म्हणून अपडेट अडला, की आधी नंबर कागदावर लिहा. मग तारीख पाहा, त्यात वर्ष आणि टाइम झोनसुद्धा. मग मीटर्ड, मग सी ड्राइव्हची जागा. मोठ्या आवृत्तीला वीसेक जीबी मोकळे असू द्या. फोल्डरचा उपाय यानंतर. तरीही महिन्याचा अपडेट अडला, तर त्याचा केबी नंबर घेऊन मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून फाइल दुसऱ्या मशीनवर उतरवा आणि पेनड्राइव्हने आणा. तिसऱ्याच कुणाच्या साइटवरून नको.

'नाही केलं अपडेट तर काय बिघडतं' असं म्हणणारे माझ्याकडे रोज येतात. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरने जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. तो ज्या वाटांनी पसरत होता, त्यांतल्या एकीवरचं कुलूप मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. आमचं दुकान म्हणजे बंदर नव्हे, पण कुलूप तेच.

नवा सेल बसवला, हॉटस्पॉटवरचं मीटर्ड काढलं, डेटाचं जास्तीचं पॅक मारलं आणि त्या रात्री मेन स्विच चालू ठेवून घरी गेलो. सकाळी पडद्यावर 'रीस्टार्ट करा' दिसत होतं.

जुना सेल गल्ल्यात टाकला होता. परवा चिल्लर देताना रुपया म्हणून तोच एका म्हाताऱ्या बाबांच्या हातात गेला. चौकापर्यंत जाऊन ते परत आले आणि म्हणाले, "हा तुमचा रुपया चालत नाही जी."