इंजिनचा दिवा लागला म्हणजे पार्ट गेला असे नव्हे



गळीत हंगाम संपला की ऊस वाहतुकीच्या ट्रकना दुसरे भाडे शोधावे लागते. मग आपल्यापैकी कित्येकांच्या गाड्या खंडाळ्याचा घाट उतरून पनवेल, उरणच्या वाटेला लागतात. रायगड जिल्ह्यातले न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले, तेव्हापासून त्या किनाऱ्याला ट्रकची वर्दळ आहे. भाडे मिळते हे खरे, पण तिथली खारी, दमट हवा गाडीच्या वायरिंगला मानवत नाही. परतीला भरलेली गाडी खोपोलीहून बोरघाट चढू लागते, तिची ओढ मरते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी कोणी स्कॅनर लावतो, एक आकडा सांगतो आणि महागडा पार्ट बदलायला लावतो. पार्ट बदलूनही दिवा पुन्हा लागला तर पैसे गेले आणि खेपही गेली. हे टळावे म्हणून हा पाठ.

स्कॅनर काय सांगतो?

जुन्या इंजिनचे दुखणे मिस्त्री कानाने ओळखत. स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनला आणि मूठ कानाला, की निदान झाले! आता तसे राहिले नाही. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ चे नियम देशभर लागू झाले. या गाड्यांत, आणि त्याआधीच्याही पुष्कळ गाड्यांत, डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे छोटा संगणक ठरवतो. पाण्याची उष्णता, हवेचा दाब, डिझेलचा दाब वगैरे माहिती त्याला सेन्सर देतात. माहिती हद्दीबाहेर गेली की संगणक एक कोड नोंदवून ठेवतो आणि दिवा लावतो. स्कॅनर तो कोड वाचतो.

पण कोड म्हणजे तक्रार; निदान नव्हे. उसाचे पान पिवळे पडले म्हणून जाणता शेतकरी लगेच खताचे पोते फोडत नाही. पाणी साचले का, हुमणी लागली का, लोह कमी पडले का, हे आधी पाहतो. गाडीचेही तसेच आहे.

कोड कसा वाचावा?

‘पी’ ने सुरू होणारा कोड इंजिन व गिअरचा असतो. ‘यू’ चा कोड संगणकांच्या आपसातल्या बोलण्यात खंड पडल्याचा असतो. ‘पी’ पुढे शून्य असेल तर तो कोड सर्व कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. मोठ्या ट्रकमध्ये बहुधा दोन आकडे येतात. ‘एसपीएन’ म्हणजे दुखणे कुठे, आणि ‘एफएमआय’ म्हणजे कशा प्रकारचे. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा वायर तुटलेली. हे तीन आकडे दिसले की पार्ट मागवण्याआधी वायर आणि कपलर तपासावेत.

घाटात ओढ गेली

समजा, कोड आला पी ०२९९. याचा अर्थ, टर्बोने जेवढा दाब द्यायला हवा तेवढा मिळत नाही. ‘टर्बो गेला’ असे हा कोड म्हणत नाही. टर्बोचा खर्च म्हणजे कित्येक टन उसाचे बिल! म्हणून आधी बिनखर्चाचे पाहावे. एअर फिल्टर तुंबला आहे का? टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा होज फाटला किंवा त्याचा क्लॅम्प ढिला झाला आहे का? होजवर तेलाचे ओघळ आणि चढाला काळा धूर असेल तर संशय तिथेच घ्यावा.

मग दाबाचा सेन्सर खरे बोलतो का ते पाहू. स्कॅनरवर चालू आकडे दिसतात, त्यालाच ‘लाइव्ह डेटा’ म्हणतात. चावी चालू, इंजिन बंद ठेवावे. अशा वेळी मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेइतकाच दाब असतो. उरणला, समुद्रकाठी, तो सुमारे १०१ किलोपास्कल यावा. लोणावळ्याला, उंचीमुळे, सुमारे ९४. काही स्कॅनर बाहेरचा दाब वजा करून शून्याच्या आसपास दाखवतात, तेही बरोबरच. पण उभ्या गाडीत ६० किंवा १५० दिसले, तर टर्बोला हात लावू नये. सेन्सर किंवा त्याची वायर खोटे बोलते आहे.

दुसरी परीक्षा सकाळची. गाडी रात्रभर उभी असेल तर इंजिनच्या पाण्याची आणि आत येणाऱ्या हवेची उष्णता जवळजवळ सारखी दिसली पाहिजे. पाण्याची उष्णता उणे ४० दाखवत असेल तर समजावे की वायर तुटली किंवा कपलर निघाला. कोकणात एवढी थंडी कोणी पाहिली आहे?

खाऱ्या हवेचा उपद्रव

किनाऱ्यावर फिरणाऱ्या गाडीच्या कपलरमध्ये पिनांवर हिरवा थर चढतो, अर्थिंगच्या बोल्टखाली गंज धरतो. सेन्सर चांगला असूनही निरोप नीट पोचत नाही. म्हणून बॅटरी बंद करून कपलर उघडून पाहावा, पॉलिश पेपरने न घासता कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावा, रबरी सील जागेवर आहे याची खात्री करावी. वायरचे कव्हर सुईने टोचून करंट पाहण्याची सवय सोडावी. त्याच भोकातून खारा ओलावा आत शिरतो. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा कपलरवर मारू नये.

एकाच वेळी चार-पाच वेगवेगळे कोड आले तर चार-पाच पार्ट एकदम गेले असे सहसा होत नाही. आधी बॅटरी, अल्टरनेटर आणि अर्थ पाहावा. २४ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना साधारण २७ ते २८.८ व्होल्ट मिळावेत.

‘युरिया’ शब्दाचा घोटाळा

धुरातील विषारी वायू कमी करण्यासाठी नव्या ट्रकला डीईएफ नावाचे द्रव लागते. ड्रायव्हर मंडळी त्याला नुसते ‘युरिया’ म्हणतात आणि इथेच घोटाळा होतो. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया व बाकी क्षारविरहित पाणी असते. शेतातला युरिया नीमलेपित असतो आणि विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. घरचे पोते पाण्यात कालवून टाकीत ओतले तर नळी-नोझल तुंबते, धूर शुद्ध करणारा महागडा भाग खराब होतो. पी २०ईई हा कोड ‘शुद्धीकरण पुरेसे होत नाही’ एवढेच सांगतो. तेव्हा आधी टाकीत काय ओतले ते पाहावे. टाकी रिकामी झाली तरीही संगणक इंजिनची ताकद कमी करतो. अनुदानाचा युरिया शेतीसाठी आहे, हेही विसरू नये.

तपासणीचा क्रम

१. कोड आधी लिहून घ्यावा, मगच पुसावा. दिवा लागला त्या क्षणाचे वेग, उष्णता, भार हे आकडेही पुष्कळ गाड्यांत साठवलेले असतात. कोड पुसला की तेही जातात.

२. बॅटरी, फ्यूज, अर्थ, कपलर, होज, फिल्टर डोळ्यांनी पाहावेत.

३. लाइव्ह डेटा पाहावा. शंका असलेल्या वायरीवर मल्टिमीटर लावावा.

४. दोष सिद्ध झाल्यावरच पार्ट घ्यावा.

५. काम झाले की कोड पुसून, गाडी भार घेऊन चालवून, पुन्हा स्कॅनर लावावा. कोड परत आला नाही तरच दुरुस्ती पुरी झाली.

बारा व्होल्टच्या मोटारीसाठी मिळणारे छोटे स्कॅनर २४ व्होल्टच्या ट्रकला चालतीलच असे नाही. खात्री केल्याशिवाय लावू नयेत. आणि दिवा लाल असेल, तेलाचा दाब गेला असेल किंवा इंजिन तापले असेल, तर स्कॅनर शोधत बसू नये. गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे.

ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एक वही असू द्यावी. दिवा कुठे लागला, चढ होता की सपाटी, पाऊस होता का, कोड कोणता, काय बदलले, हे तारखेनिशी लिहावे. आणि मिस्त्रींना एकच प्रश्न विचारावा : “हा पार्ट गेला हे तुम्ही कशावरून ठरवलेत?” चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही, तो मीटर लावून दाखवतो. पुढच्या हंगामाची मोळी पडण्यापूर्वी सभासदांनी आपापल्या गाड्यांची अशी तपासणी करून घ्यावी, ही विनंती.