आधी रस्ता बघ, मग घर

अल्फारेटा, जॉर्जिया

चि. सोनूस,


न्यू जर्सी सोडून अटलांटाला यावं का, असं तू आणि जावईबापूंनी विचारलंयत. घरांचे फोटो बघून दोघंही हरखलेले दिसता. चार बेडरूम, मागे अंगण, अंगणात ओकचं झाड, आणि किंमत तुमच्याकडच्या टाऊनहाऊसएवढी! फोटो खोटे नाहीत. पण फोटोत घर दिसतं, घरापासून ऑफिसपर्यंतचा रस्ता दिसत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चांगलं सांगते. दक्षिण म्हटलं की लोक उकाड्याला भितात. जुलैत पारा बत्तीस-तेहतीसला जातो आणि अंगाला घाम चिकटतो, हे खरं. पण हे गाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर, ॲपलेशियन डोंगरांच्या पायथ्याशी आहे. हिवाळा सौम्य असतो. जानेवारीतसुद्धा दुपारी नुसत्या स्वेटरवर फिरायला जाता येतं. पाऊस वर्षभर विखरून पडतो, साधारण पन्नास इंच. त्यामुळे झाडी दाट, आणि माती आपल्या रत्नागिरीकडची आठवण यावी इतकी तांबडी.

माणसं बोलकी आहेत. रांगेत उभी असलेली अनोळखी बाई तुझ्या लेकीची चौकशी करील, पोरं मोठ्यांना ‘मॅम’, ‘सर’ म्हणतील. ओळख होते न होते तोच कुणीतरी विचारील, ‘तुम्ही कुठल्या चर्चला जाता?’ त्याचा राग मानू नकोस. ती इथली गाव विचारायची रीत आहे. ‘आम्ही हिंदू, देवळात जातो,’ असं सरळ सांगावं. मात्र नकारसुद्धा इथे इतक्या गोड आवाजात देतात की तो नकार होता हे घरी आल्यावर कळतं. ऑफिसात तेवढं कान उघडे ठेवून ऐकायला शीक.

खाण्यापिण्यात तर तू परकी वाटणारच नाहीस. भेंडी, चवळी, भात हे इथलं रोजचं जेवण. भेंडी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर इथे आली. एक जानेवारीला चवळी खाल्ली की वर्ष बरकतीचं जातं, असं मानतात. रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात. कागदी पिशवीतून गरमगरम घ्यायच्या आणि टरफल सोलता सोलता बोटं खारट करून घ्यायची. पण इथल्या पालेभाजीत आणि शिजवलेल्या कडधान्यात बहुधा डुकराचं मांस असतं. विचारल्याशिवाय ताटात घेऊ नकोस.

लेकीच्या शिक्षणाचंही बघ. 1993 पासून इथे होप शिष्यवृत्ती आहे, राज्याच्या लॉटरीच्या पैशांतून चालणारी. राज्यात राहणाऱ्या आणि हायस्कुलात 3.0 सरासरी राखणाऱ्या मुलाला सरकारी विद्यापीठाच्या फीचा मोठा भाग मिळतो. त्यात जॉर्जिया टेकही आलं. हे पैसे घराच्या हप्त्याइतकेच हिशेबात धर.

आता दुसरी बाजू. मार्चअखेर पाइनचे पराग उडतात. सकाळी गाडी पांढरी की काळी ते ओळखू येत नाही. सगळं हळदीसारखं पिवळं. तुला शिंकांचा त्रास आहेच, औषध फेब्रुवारीतच आणून ठेव. घरं लाकडी, त्यामुळे वाळवीची तपासणी आणि वाळवी-प्रतिबंधाचा करार केल्याशिवाय घर घ्यायचं नाही. वसंतात टोर्नॅडोचे इशारे येतात. ‘वॉच’ म्हणजे सावध राहा, ‘वॉर्निंग’ म्हणजे लेकीला उचल आणि तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत जा. तेव्हा व्हिडिओ काढायला ओट्यावर उभं राहायचं नाही.

कायदेही वेगळे आहेत. 2022 पासून इथे, कायद्यानं अपात्र नसलेल्या माणसाला, परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून फिरता येतं. लेकीला कुणाकडे खेळायला पाठवताना ‘घरात बंदूक कुलपात असते ना?’ असं विचारायची लाज बाळगू नकोस. त्याच वर्षापासून साधारण सहा आठवड्यांनंतर, काही अपवाद सोडले तर, गर्भपाताला बंदी आहे. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर अडचणीच्या प्रसंगी काय करता येईल, हे डॉक्टरांशी आधी बोलून ठेव. हे मावशी नाही सांगणार तर कोण सांगणार?

सगळ्यात मोठा तोटा मात्र रस्त्यांचा. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांत गणला जाणारा विमानतळ इथे आहे आणि मार्टाची, म्हणजे इथल्या सार्वजनिक वाहतूक सेवेची, रेल्वे थेट त्याच्या पोटात जाते. पण उत्तरेला ती नॉर्थ स्प्रिंग्ज आणि डोराविलला संपते. पुढे सगळी गाडीची मिजास. का, ते ऐक. 1965 साली कॉब काउंटीनं मतदानात मार्टाला नकार दिला, 1971 साली ग्विनेट आणि क्लेटननं. शहरातले कृष्णवर्णीय आपल्या दारात यायला नकोत, ही गोऱ्या उपनगरांची भावना त्यामागे होती, हे आता उघड बोललं जातं. क्लेटन 2014 मध्ये मार्टात आली. ग्विनेटनं 2019 मध्येही नाहीच म्हटलं. जानेवारी 2014 मध्ये जेमतेम अडीच इंच बर्फ पडला आणि सगळं गाव एकाच वेळी हायवेवर आलं. लोकांनी गाड्यांत रात्र काढली, पोरं शाळेतच झोपली. बर्फ थोडाच होता. घरी जायला दुसरा मार्ग नव्हता.

म्हणून म्हणते, ते ऐसपैस स्वस्त घर आणि रोजचा दोन तासांचा प्रवास या दोन गोष्टी नाहीत, एकच आहे. लांब गेलात तर घर मोठं मिळतं आणि त्याची उरलेली किंमत तुम्ही स्टिअरिंगवर बसून फेडता.

आणखी एक. आपली बरीच मंडळी फोरसिथ काउंटीत घरं घेतात. शाळा उत्तम, शेजार मराठी-तेलुगू. पण 1912 साली त्याच काउंटीतून हजाराहून अधिक कृष्णवर्णीयांना धाकदपटशानं हाकलून दिलं होतं, आणि 1987 पर्यंत तिथे जवळपास गोरेच राहत होते. त्या वर्षी सुमारे वीस हजार लोक वर्णभेदाविरुद्ध मोर्चानं तिथे गेले. आज तिथे आपल्या बायका नऊवारी नेसून गणपती बसवतात, त्याआधी कुणीतरी दगड खाल्लेत. 1965 च्या इमिग्रेशन कायद्यानं आपल्याला या देशाचं दार उघडलं, तेही नागरी हक्कांच्या चळवळीनं हवा बदलल्यावरच.

तेव्हा घर बघायला याल त्या दिवशी आधी ऑबर्न ॲव्हेन्यूला जाऊ. मार्टिन ल्यूथर किंग 1929 साली जन्मले ते घर तिथे आहे, जवळच त्यांचं एबेनेझर चर्च, आणि स्मारकाच्या आवारात आपले गांधीजीही उभे आहेत. त्याच पेठेच्या मधोमध हायवे कसा घातलाय तेही बघ. या शहराचं चांगलं-वाईट तिथे एका चौकात दिसतं.

माझं मत विचारशील तर, या. पण पहिलं वर्ष भाड्यानं राहा. जागा अशी घ्या की निदान दोघांपैकी एकाला मार्टानं कामाला जाता येईल. भाड्याचा करार करण्याआधी मंगळवारी सकाळी आठला तिथून ऑफिसपर्यंत एकदा गाडी चालवून बघा. रविवारी बघून काही कळत नाही. मराठी मंडळात जरूर या, पण शेजारच्या घरीही चवळी खायला जा. आणि घर विकत घ्यायचं ते वर्षभरानं, रस्ता पटला तरच.

जावईबापूंना नमस्कार, लेकीला गोड पापा.

तुझी,
मावशी