गुप्तलेखाची किल्ली

शब्दकोडे पुष्कळांच्या परिचयाचे असते. गुप्तलेखाचे कोडे त्याहून निराळे. यात एखादे साधे वाक्य घेऊन त्यातील प्रत्येक व्यंजनाच्या जागी ठरावीक दुसरे व्यंजन लिहितात, व वाचकाने मूळ वाक्य शोधून काढावयाचे असते. आमच्या दिंडोशीहून मालाड किंवा गोरेगाव स्थानक गाठण्यास बसमध्ये जो वेळ जातो, तेवढ्यात असे एक कोडे सुटू शकते. साधन म्हणून कागदाचा कपटा आणि पेन्सिल पुरे. या नित्याच्या करमणुकीने बुद्धीस कोणते वळण लागते, ते एका उदाहरणाने पाहू.

नियम तीन आहेत. स्वर, काना, मात्रा व वेलांट्या जशाच्या तशा राहतात. एका व्यंजनासाठी सर्वत्र एकच व्यंजन येते. कोणतेही व्यंजन स्वतःच्या जागी येत नाही. आता हे वाक्य घ्या :

आईला माग माल टपाला आबाप आमे.

'आईला', 'माल' हे शब्द ओळखीचे वाटतात, आणि उतावळा वाचक तेथेच फसतो. आपण शेवटापासून आरंभ करू. मराठी वाक्य पुष्कळदा 'आहे' या क्रियापदाने संपते. 'आमे' तेच असावे. म्हणजे 'म' च्या जागी 'ह' आला. 'आईला' व 'टपाला' यांचा शेवट सारखा, म्हणून तो विभक्तीचा प्रत्यय दिसतो. तिसऱ्या नियमाने तो 'ला' असू शकत नाही. 'चा' घेऊन पाहू. तत्काळ 'माल' चा 'हाच' होतो. आता 'माग' म्हणजे हाक, हार की हात? 'आईचा' हे पुल्लिंगी रूप असल्याने 'हाक' गळाली. 'हार' मानल्यास पुढील दोन शब्दांस जुळेल असा अर्थ लागत नाही. 'हात' ठेवून 'प' ला 'र' मानले की 'घराचा आधार' आपोआप उभा राहतो. मूळ वाक्य : आईचा हात हाच घराचा आधार आहे.

येथे प्रत्येक पाऊल तर्काचेच होते. परंतु जो तर्क सर्व अक्षरांशी जुळला नाही, तो कितीही आवडता असला तरी आपणांस सोडावा लागला. हीच या खेळाची खरी शिकवण होय.

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' या नावाने तिची गणना केली आहे. नवव्या शतकात बगदाद येथील अल्-किंदी या पंडिताने, कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून गुप्तलेख उकलण्याची रीत लिहून ठेवली. महाराष्ट्रात महानुभाव पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ 'सकळ' नावाच्या सांकेतिक लिपीत जतन केले. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाणारे म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' त्यांतच होते. कुलूप उत्तम होते. ग्रंथ सुरक्षित राहिले. परंतु पंथाबाहेरील मराठी माणसास आपल्याच भाषेचे हे धन कित्येक शतके अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी या लिपीची उकल केली. आपल्याच साष्टी बेटावरील ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनीही हे वाङ्मय लोकांपुढे आणण्यास मोठा हातभार लावला. अशा कामी एक अक्षर मनाजोगते वाचून पुढे जाणे म्हणजे पूर्वजांच्या तोंडी आपले शब्द घालणे होय. बसमधील कोड्यात चूक झाली तर कागद फाडता येतो. ग्रंथाच्या वाचनातील चूक मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते. म्हणून चाचणीची सवय लहान खेळातच लागलेली बरी.

विद्यार्थिमित्रांनी आपल्या आईवडिलांसह सोडवावे म्हणून नव्या किल्लीचे एक वाक्य देतो :

आलते राग आलस रनाटे.

पहिला व तिसरा शब्द शेजारी लिहून त्यांतील भेद पाहावा. उत्तर आम्ही छापीत नाही. ते बरोबर असल्याची साक्ष अक्षरेच देतील.