ऐकून घेणारा माणूस

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात केनवड हे गाव आहे. अशा गावी एखाद्या मुलाला ताप आला, तर घरची माणसे त्याला तत्काळ दवाखान्यात नेतात. परंतु तोच मुलगा रात्र रात्र जागू लागला, शाळेचे नाव काढताच त्याचे पोट दुखू लागले, तर कोणी त्याला आळशी म्हणते, कोणी दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून टाकते. ओवाळणाऱ्या आजीची माया खोटी नसते. पण मुलाच्या मनातील गोष्ट मनातच राहते.

ती गोष्ट बोलती करणे हे समुपदेशकाचे काम होय. उपदेश करणारा बोलतो; समुपदेशक आधी ऐकतो. झोप कशी लागते, भूक लागते का, भीती कशाची वाटते, हे तो शांतपणे विचारतो आणि झेपेल असे एखादे लहानसे पाऊल त्या मुलाबरोबरच ठरवितो. एका भेटीत सर्व काही उलगडत नाही.

असा माणूस शहरातच असतो, असे मात्र नाही. वाशिमला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. त्यात गावपातळीवरील कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले होते. दुखणे अधिक गंभीर असल्यास ते रुग्णास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवीत. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. नैराश्याने पीडित अशा शंभरांपैकी पूर्वी जेमतेम ४ जण उपचार घेत. अठरा महिन्यांत ही संख्या २७ झाली. उरलेले ७३ एकटेच राहिले, हेही विसरता येत नाही.

मग योग्य समुपदेशक ओळखावा कसा? त्याने या कामाचे शिक्षण घेतलेले असावे. ऐकलेले तो चावडीवर सांगत नाही. जिवाला धोका असेल तेव्हाच घरच्यांना विश्वासात घेतो, आणि तसे आधीच सांगून ठेवतो. हसणारा, घाई करणारा किंवा 'माझ्याकडे सर्वांवर उपाय आहे' म्हणणारा मनुष्य टाळलेला बरा. पहिल्याशी मन जुळले नाही, तर दुसरा शोधण्यात काही गैर नाही.

विचारपूस वर्गशिक्षकांकडे, आशाताईंकडे किंवा जिल्हा रुग्णालयात करता येते. शिवाय १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य असून तेथे मराठीत बोलता येते. काय सांगावे हे न सुचल्यास 'मला रात्री झोप येत नाही' एवढे पहिले वाक्य पुरते. पुढचे विचारणे समुपदेशकाचे काम.