उतारवयातील धावपटू व क्रीडापेय

१९६५ साली अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी, साखर व क्षार यांचे एक पेय सिद्ध केले. ‘गेटोरेड’ या नावाने ते पुढे जगभर पसरले. ते तयार झाले होते विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील तरुणांसाठी. आज साठी ओलांडलेले अनेक धावपटू त्याच धर्तीची पेये पितात; त्यांच्या शरीराची गरज मात्र काहीशी निराळी असते.

पहिला भेद तहानेचा. वय वाढले म्हणजे शरीरात पाण्याची उणीव होऊनही तहान मंदच राहते, आणि पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडांची शक्तीही घटते. अशा वेळी तहानेपेक्षा वजनकाट्यावर विसंबणे बरे. सकाळी धावण्यापूर्वी व नंतर, घाम पुसून, वजन करावे. ते दीड किलोने घटले असेल व सायंकाळी पुन्हा धावावयाचे असेल, तर घटीच्या सव्वा ते दीडपट, म्हणजे सुमारे दोन लिटर द्रव काही तासांत सावकाश घ्यावा. त्याबरोबर मीठ पोटात जावयास हवे. नुसते पाणी बरेचसे लघवीवाटे निघून जाते, आणि त्याचा अतिरेक झाल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

धावताना स्नायूंतील ग्लायकोजेन खर्च होते. आठ तासांच्या आत पुन्हा सराव असल्यास पहिले चार तास, वजनाच्या दर किलोमागे ताशी सुमारे १ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. क्रीडापेयात साधारणतः शंभर मिलिलिटरमागे ६ ग्रॅम साखर असते. तेव्हा साठ किलो वजनाच्या माणसास केवळ पेयावर भागवावयाचे तर ताशी एक लिटर प्यावे लागेल! त्यापेक्षा जोडीला केळी किंवा भात घ्यावा. पुढचा सराव दुसऱ्या दिवशी असेल तर नेहमीचे जेवण पुरते.

खरी उणीव आहे ती प्रथिनांची. उतारवयात स्नायू प्रथिनांना मंद प्रतिसाद देतात. तरुणास एका वेळी किलोमागे पाव ग्रॅम पुरते, तेथे वृद्धास सुमारे ०.४ ग्रॅम लागते. साठ किलोच्या माणसास ते २४ ग्रॅम होते. साध्या क्रीडापेयात प्रथिने मुळीच नसतात. सुमारे सातशे मिलिलिटर दुधात ती तेवढी मिळतात, आणि दुधातील पाणी शरीरात टिकतेही अधिक वेळ. दूध न सोसणाऱ्यांनी अंडी वा डाळ घ्यावी. मीठ घातलेले ताक पाण्यासाठी उत्तम खरे. परंतु पातळ ताकात प्रथिने थोडीच उरतात.

रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडांचा विकार असणाऱ्यांनी हे सारे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लघवी वाढविणारी औषधे चालू असल्यास तर अवश्य.