स्टेज पियानो घ्यायचाय? आधी नाइटचा हिशोब मांडा



मागच्या व्हिडिओत आपण कॅटरिंगवाल्यांच्या भांड्यांचा हिशोब केला होता. आज एक वेगळं भांडं घेऊ. बँडमध्ये किंवा ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवणारे बरेच जण आपल्या बॅचमध्ये येतात, आणि "सर, पियानो कुठला घेऊ?" हा प्रश्न हमखास येतो. मी वादक नाही. पण लाख-सव्वा लाखाची वस्तू घेऊन त्यावर पोट भरायचं असेल, तर तो धंद्याचाच प्रश्न झाला.

आमच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. दुकानात हेडफोन लावून त्याने चार डिजिटल पियानो ऐकले, त्यातल्या एकाच्या आवाजावर भाळला आणि हप्त्यावर उचलला. पहिलाच कार्यक्रम शहराबाहेरच्या लॉनवर, लग्नाच्या संगीताचा. साउंडवाला म्हणाला, "दादा, लाइन कुठून घेऊ?" बघतो तर मागे लाइन आउटच नाही! फक्त हेडफोनचं भोक. त्यातून जुगाड करून वायर काढली, तर पियानोचे स्वतःचे स्पीकर बंद झाले. म्हणजे स्वतःचं वाजवणं स्वतःलाच ऐकू येईना. आणि लांबलचक केबलमधून मोठ्या स्पीकरवर नुसती गुणगुण. त्या रात्रीचे पैसे मिळाले, पण त्या बँडने पुढच्या दोन नाइटना दुसरा माणूस घेतला. हप्ता मात्र चालूच.

त्याची चूक आवाज ओळखण्यात झाली नाही. त्याने घरी वाजवायचा पियानो घेतला आणि काम स्टेजचं होतं, एवढंच. घरच्या पियानोत पैसा स्पीकरवर आणि दिसण्यावर जातो. स्टेज पियानोत तो जातो आउटपुटवर, बटणांवर आणि मजबुतीवर. बऱ्याच स्टेज पियानोंना स्वतःचे स्पीकरही नसतात.

म्हणून दुकानात गेलात की आधी पियानो उलटा फिरवून त्याची पाठ बघा. लाइन आउटचे दोन जॅक हवेत, आणि डाव्यावर 'एल/मोनो' लिहिलेलं हवं. यामाहा सीपी 73 सारख्या मॉडेलला तर माइकच्या केबलसारखे एक्सएलआर आउटपुटही आहेत, तिथे लांब केबलची चिंता मिटते. ते नसतील तर डीआय बॉक्स स्वतःचा ठेवा, साउंडवाल्याच्या भरवशावर राहू नका.

आता मोनोचं गणित, जे दुकानदार सहसा सांगत नाही. हेडफोनवर पियानो गोड वाटतो, कारण आवाज डाव्या-उजव्या कानात पसरलेला असतो. आपल्याकडे हॉल-लॉनवर पुष्कळदा सगळे स्पीकर मोनोवर चालतात. दोन्ही बाजू एकत्र आल्या की काही पियानोंचा आवाज पातळ, डबा वाजवल्यासारखा होतो. त्यात बँडमध्ये ढोलकी, ऑक्टापॅड, बेस गिटार. अशा गर्दीत भरदार, घुमणारा आवाज बुडतो आणि थोडा कडक, चमकदार आवाज वर येतो. एकट्याने ऐकताना हाच आवाज कदाचित तुम्हाला आवडणार नाही.

वजनाकडे येऊ. रोलँड आरडी-2000 साधारण 21.7 किलो, यामाहा सीपी 88 18.6 किलो, त्याचाच धाकटा भाऊ सीपी 73 13.1 किलो. रोलँड आरडी-88 मध्ये पूर्ण 88 पट्ट्या आणि स्वतःचे स्पीकर असूनही 13.5 किलो. हार्ड केसचं वजन वेगळं. तुम्ही एकटे रिक्षाने जाणार असाल आणि हॉल दुसऱ्या मजल्यावर असेल, तर या आठ किलोंच्या फरकाचं उत्तर तुमची कंबर देईल. गाण्यांना साथ करणाऱ्याला 73 पट्ट्या बहुतेक वेळा पुरतात, असं मला वादकांकडूनच कळलंय.

ट्रान्सपोजचं बटण हाताशी हवं. एक गायिका काळी पाचमध्ये गाते, पुढचा गायक पांढरी चार मागतो. त्यासाठी तीन मेनू उघडत बसलात तर निवेदक किती वेळ बोलणार? पियानोवरून स्ट्रिंग्जवर जाताना आधीचा सूर तुटतो का, हेही वाजवून बघा.

आणि हो, तुम्ही बँडशिवाय, एकच गायक घेऊन हॉटेलात कार्यक्रम करत असाल तर स्टेज पियानोच्या नादी लागू नका. तुम्हाला तालासकट साथ देणारा अरेंजर की-बोर्ड लागतो. यामाहाची पीएसआर-आय मालिका खास भारतीय तालांसाठीच आहे.

आता वही काढा. समजा, पियानो 1,10,000 चा. स्टँड, सस्टेन पेडल, केस, केबल, डीआय बॉक्स मिळून आणखी 25,000. झाले 1,35,000. आज तुम्ही भाड्याने पियानो आणताय, नाइटला 1,500 देऊन. वर्षाला 35 नाइट असतील तर 52,500 वाचतात, म्हणजे अडीच वर्षांहून थोडं जास्त लागेल. वर्षाला 15च नाइट असतील तर पैसे फिटायला सहा वर्षं! मग भाडंच बरं. इथे पूर्ण मानधन कमाई म्हणून धरू नका. ते जुन्या की-बोर्डवरही मिळतच होतं. पियानोमुळे जे वाचलं किंवा जास्त मिळालं, तेवढंच धरा.

हप्त्याचा विचार आषाढ डोळ्यासमोर ठेवून करा. गणपती-नवरात्र आणि लग्नसराईत पैसा खेळतो, पावसाळ्यात फोन वाजत नाही. 18 महिन्यांचा हप्ता म्हणजे व्याज सोडूनही महिना 7,500. निदान तीन हप्ते बाजूला ठेवूनच सही करा.

या आठवड्याचा गृहपाठ: मनात भरलेलं मॉडेल आधी दोन नाइट भाड्याने वाजवा. भाड्याने मिळत नसेल तर बँडमधल्या एकाला दुकानात सोबत न्या, दुकानदाराकडे अँप मागा, एल/मोनो जॅकमधून आवाज काढा आणि त्याला वीस पावलं लांब उभं करून विचारा, "पियानो ऐकू येतोय का?"